तीन चौकटींची नोकरी

चार कॉलम रुंद, पाच सेंटीमीटर उंच. आमच्या भागातल्या एका जिल्हा दैनिकाने माझ्या चित्रपट्टीला, म्हणजे तीन चौकटींतल्या रोजच्या विनोदाला, एवढी जागा दिली होती. आतलं पान, राशिभविष्याच्या वर, शब्दकोड्याच्या शेजारी, रविवार सोडून रोज. मानधनाबद्दल न बोललेलंच बरं. त्याआधी मी दिवाळी अंकांना हास्यचित्रं द्यायचे, म्हणजे पावसाळ्यात दोन महिने राबायचं आणि उरलेलं वर्ष व्यंगचित्रकार म्हणून मिरवायचं. रोजच्या चित्रपट्टीत ती चैन नाही. आजचा विनोद जमला तरी उद्याचा अंक निघतोच.

खरं तर संपादकांना आधी पॉकेट कार्टून, म्हणजे ताज्या बातमीवरचं एका चौकटीचं चित्र, हवं होतं. "लक्ष्मणसारखं काहीतरी करा," ते म्हणाले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक होतकरू व्यंगचित्रकाराने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. आर. के. लक्ष्मण यांचं 'यू सेड इट' १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'त येत होतं, आणि त्यातला तो चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन कधीच काही बोलत नसे. बोलायचे ते बाकीचे, हा नुसता हजर. एका चौकटीच्या चित्राला एक मोठी सवलत असते. बातमी वाचकाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे विनोदाची तयारी पहिल्या पानाने करून ठेवलेली असते आणि चित्रकाराने फक्त शेवटचा घाव घालायचा असतो. पण जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांवर रोज घाव घातले तर वाढदिवसाच्या जाहिराती कुठून येणार, ही अडचण संपादकांच्याच लक्षात आली आणि आठवड्याभरात फर्मान बदललं. "चिंटूसारखं काहीतरी करा."

हे तर आणखी अवघड. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ ला 'सकाळ'मध्ये सुरू झाला, आणि माझ्या पिढीतल्या कित्येकांनी पेपर वाचायला सुरुवात केली ती तिथून. शाळकरी मुलगा, आई-पप्पा, सोसायटीतली पोरं, जोशीकाकू हा सगळा मुलूख त्यांनी असा काही वसवून ठेवला होता, की पुन्हा एक मुलगा आणि एक शेजारीण काढली असती तर लोकांनी नक्कल म्हणूनच हिणवलं असतं. मुलगा नको, एवढं मी पहिल्या दिवशी ठरवलं.

मग अण्णा आले. निवृत्त एस. टी. कंडक्टर. माझे एक मामा महामंडळात होते, त्यामुळे माल घरचाच होता. चित्रपट्टीच्या पात्राला स्वभावापेक्षा सवय जास्त उपयोगी पडते, कारण स्वभाव कळायला प्रकरणं लागतात आणि सवय एका चौकटीत कळते. अण्णांना सवयीच सवयी. दारात चार माणसं उभी राहिली की "पुढं सरका, पुढं सरका, दार मोकळं ठेवा." जेवण झालं की दोनदा टाळी, म्हणजे डबल बेल, आता निघायचं. सोफ्याच्या एका कोपऱ्यावर त्यांनी 'आमदारांसाठी राखीव' असं खडूने लिहून ठेवलंय, तिथे जावई बसतो. लग्नपत्रिकेपासून नातवाच्या प्रगतिपुस्तकापर्यंत हाती येईल त्या कागदाला पंचने भोक पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. घरात बायको माई, सूनबाई, चौथीतला नातू. पट्टीचं नाव 'डबल बेल'.

नमुन्याच्या पट्ट्या मंजूर झाल्या आणि मला आपण हुशार आहोत असं वाटलं. ते सगळ्यांनाच वाटतं. पहिल्या पंधरा-वीस कल्पना मनात वर्षानुवर्षं साठलेल्या असतात, त्या भराभर निघतात. खरी नोकरी त्यानंतर सुरू होते. अंक कुठलाही असो, पंधरवड्याचा साठा पुढे ठेवायचा असा माझा नेम होता. श्रावणात मी गणपतीचे विनोद करायचे, नवरात्रात दिवाळीचे. घरात माझ्याशी बोलताना आज कोणता सण चालू आहे हे आधी विचारून घ्यायची पद्धत पडली.

अर्नी बुशमिलर हा 'नॅन्सी' काढणारा अमेरिकन चित्रकार आधी शेवटची चौकट ठरवायचा आणि तिथून मागे यायचा. मीही काही काळ तेच केलं. शेवटची ओळ सापडली की दोन चौकटी मागे चालायचं, वाचकाला तिथपर्यंत आणायला काय काय लागेल ते पाहायचं. कामाची पद्धत आहे, हात रिकामा राहत नाही. पण तिच्यात एक खोड आहे. सगळं वजन तिसऱ्या चौकटीत जातं, पहिली नुसती प्रश्न विचारते, आणि मधली उगीच उभी राहते. माझ्या सुरुवातीच्या बऱ्याच पट्ट्यांतली मधली चौकट म्हणजे पहिल्या चौकटीतलीच माणसं, किंचित मान वळवलेली.

कोथिंबिरीच्या पट्टीने हे बदललं. आधीचा मसुदा असा होता: अण्णा पाचशेची नोट पुढे करून म्हणतात, "एक जुडी कोथिंबीर." दुसऱ्या चौकटीत भाजीवाली, "सुट्टे द्या, सुट्टे!" तिसऱ्यात अण्णा वाचकाकडे बघून, "जन्मभर मी हेच लोकांना म्हणत आलो!" वाईट नाही. पण अण्णांनी स्वतःच विनोदाचा अर्थ सांगून टाकला, मग वाचकाने काय करायचं?

मग मला एस. टी.तली दुसरी रीत आठवली. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीमागे बाकी लिहून द्यायचा, "उतरताना घ्या." ज्यांनी लाल डब्यातून प्रवास केलाय त्या सगळ्यांनी ते तिकीट घामेजल्या मुठीत धरून ठेवलेलं आहे, आणि कितीतरी जण बाकी न घेताच उतरले आहेत. नवी पट्टी अशी झाली. पहिली चौकट: पाचशेची नोट, "एक जुडी कोथिंबीर." दुसरी चौकट: एक शब्द नाही. भाजीवाली खाली मान घालून पेनने काहीतरी लिहिते आहे आणि अण्णा टाचा उंचावून बघताहेत. तिसरी चौकट: घर. माई विचारते, "बाकीचे पैसे?" अण्णा कोबीचं पान पुढे करतात. पानावर लिहिलंय, ४८०.

त्या दिवशी ऑफिसात आणि घरी जे फोन आले त्यात कोणीच "शेवटची ओळ झकास" म्हणालं नाही. सगळे मधल्या चौकटीबद्दल बोलत होते. "ती लिहायला लागली ना, तिथंच कळलं," असं एकजण म्हणाला. म्हणजे तो दुसऱ्या चौकटीत हसला होता, आणि तिसरी त्याने आपला अंदाज खरा ठरल्याच्या आनंदात वाचली. वाचकाला पाव सेकंद आधी कळू द्यायचं, ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. शि. द. फडणीसांची शब्दांवाचूनची चित्रं बघताना आपण जो क्षणभर थांबतो, नजर फिरवतो आणि मग हसतो, तो थांबण्याचा क्षण पट्टीत वेगळा काढून मधल्या चौकटीत ठेवता येतो. एका चौकटीच्या चित्रात वेळ वाचकाचा असतो, पट्टीत तो चित्रकाराला कापून वाटता येतो.

बाकी कारागिरीचं थोडं सांगते, कारण तिच्यातच निम्मा दिवस जायचा. मूळ चित्र छापायच्या दुप्पट आकारात काढायचं. आधी अक्षरं, मग त्यांच्याभोवती फुगा, मग माणसं. नवखे उलटं करतात आणि मग संवाद फुग्यात कोंबत बसतात. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे जो आधी बोलणार तो डावीकडे उभा राहिला पाहिजे आणि त्याचा फुगा किंचित वर. याचा अर्थ भांडणाची सुरुवात कोण करतं यावर माणसांच्या जागा ठरतात. माई डावीकडे उभी असेल तर समजायचं, आज अण्णांची धडगत नाही.

देवनागरी जागा खाते. वर मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा, त्यामुळे दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवतो. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. छ, ठ, ढ, ध यांची पोटं भरतात आणि 'ढ' विद्यार्थी छापून येतो तो काळा ठिपका विद्यार्थी म्हणून. लेखणी जाड असून चालत नाही आणि बारीक असली तर स्कॅनिंगमध्ये रेघ तुटते. शेवटी मी संवादच कमी केले. तीन चौकटींत मिळून वीस शब्द, त्यापुढे गेलं की मी वाक्यं खोडायला बसायचे. विनोद सुधारला तो यामुळेही असेल. शाईने मला जेवढं संपादन शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही. ध्वनींच्या बाबतीत मात्र मराठीची चंगळ आहे. धप्प, खळ्ळ, चर्रर्र, फुस्स... नुसता शब्द मोठा काढला तरी चित्राचं निम्मं काम होतं, आणि एस. टी.च्या 'टण् टण्'ला तर कुणाला समजावून सांगावंच लागत नाही.

आता त्या मधल्या चौकटीची गोष्ट.

एका संध्याकाळी उशिरा कुठल्यातरी बिल्डरची जाहिरात आली आणि पान लावणाऱ्याला एक कॉलम कमी पडला. सकाळी मी पेपर उघडला तर माझी पट्टी चारऐवजी तीन कॉलमांत, आणि चौकटी दोनच. सूनबाई दार उघडते, आणि पुढच्याच चौकटीत अण्णा मोरीत बसलेले. मधे काय झालं हे फक्त मला आणि पान लावणाऱ्याला माहीत. मी फोन केला. तो मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "ताई, त्यात काय लिहिलंच नव्हतं की. रिकामी होती म्हणून काढली." राग यायला हवा होता, पण त्याचं म्हणणं त्याच्या बाजूने बरोबर होतं. त्याला मजकूर कापायला शिकवलेलं होतं आणि मजकूर म्हणजे अक्षरं.

अमेरिकेत हे इतकं जुनं दुखणं आहे, की त्यांनी रविवारच्या पट्ट्यांची मांडणीच त्यावर बेतलेली आहे. रविवारच्या पट्टीची वरची ओळ, म्हणजे शीर्षक आणि एखादा छोटा विनोद, ही काढून टाकली तरी खालची गोष्ट अडू नये अशीच रचायची, कारण पुष्कळ वर्तमानपत्रं जागा वाचवायला ती काढूनच टाकतात. म्हणजे चित्रकार दर आठवड्याला दोन चौकटी खास कचऱ्यासाठी काढतो. 'कॅल्विन अँड हॉब्स'च्या बिल वॉटरसनला हे सहन होईना. १९९१ मध्ये तो रजेवर गेला आणि परतला तो अट घेऊन, की रविवारचं अर्धं पान जसंच्या तसं छापायचं, एकही चौकट हलवायची नाही. संपादकांनी कुरकुर केली, पण त्या पट्टीच्या लोकप्रियतेपुढे चालेना. मला अट घालण्याइतकी लोकप्रियता नव्हती. मी दुसरा रस्ता धरला.

तो रस्ता चार्ल्स शुल्झचा. त्याची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० ला अवघ्या सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि विकली गेली ती जागा वाचवणारी पट्टी म्हणून. चार सारख्या आकाराच्या चौकटी. आडव्या लावा, एकाखाली एक उभ्या लावा, नाहीतर दोनावर दोन रचून चौरस करा. जागेची ही गरिबी त्याने अशी राबवली, की पन्नास वर्षांत तिच्यातून सतरा हजारांवर पट्ट्या निघाल्या. चौकट लहान, म्हणून माणसं लहान मुलं, पार्श्वभूमी जवळजवळ नाही, आणि म्हणून एखादा उसासासुद्धा मोठा दिसतो. मी माझ्या तीन चौकटी एका मापाच्या केल्या. शिवाय मधल्या, न बोलणाऱ्या चौकटीत एक छोटासा शब्द ठेवायला लागले. "हं." किंवा घड्याळाचं "टिक". विनोदाला त्याची गरज नव्हती. तो शब्द पान लावणाऱ्या मुलासाठी होता. त्यानंतर एकदाही चौकट गेली नाही.

वर्षभराने मला गोष्ट सांगायची हाव सुटली. रोज एक विनोद आणि रोज पाटी कोरी, याचा कंटाळा येतोच. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधून वाचलेला वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, डोक्यात होता. ली फॉकने १७ फेब्रुवारी १९३६ ला रोजची पट्टी म्हणून त्याची सुरुवात केली, आणि आपण जी पुस्तकं वाचली ती बरीचशी त्याच रोजच्या पट्ट्या एकापुढे एक लावून, थोडी काटछाट करून बनलेली होती. मी ती जुनी पुस्तकं पुन्हा काढली आणि जोड शोधायला लागले. एकदा दिसायला लागले की दिसतच राहतात. दर तीन-चार चौकटींनी कुणीतरी उगाचच सांगतं, "म्हणजे दरोडेखोर अजून गुहेतच आहेत!" आणि लगेच कुणीतरी सावलीकडे बघून दचकतं. पहिलं वाक्य कालचा अंक चुकलेल्या वाचकासाठी, दचकणं उद्याचा अंक विकण्यासाठी, आणि दोन्हींच्या मध्ये एका चौकटीएवढी गोष्ट पुढे सरकलेली. साहसकथेला हे चालतं. विनोदाला चालत नाही, कारण "म्हणजे पंच अजून सापडला नाही तर!" असं अण्णा रोज म्हणायला लागले तर माईच त्यांना घराबाहेर काढेल.

हो, पंच. अण्णांचा तो लाडका पंच हरवतो आणि घरभर, गल्लीभर शोध सुरू होतो, अशी माझी गोष्ट होती. आठवणीची जागा मी शब्दांतून काढून चित्रात नेली. पंच असताना अण्णांची उजवी मूठ नेहमी अर्धवट मिटलेली असायची. हरवल्यावर ती प्रत्येक पट्टीत उघडमीट करू लागली, हवेत. कालचा अंक न पाहिलेल्यालाही पहिल्याच चौकटीत दिसायचं, की या माणसाच्या हातातलं काहीतरी गेलंय. त्यावर रोजचा विनोद मात्र स्वतंत्र. एका दिवशी नातवाच्या प्रगतिपुस्तकाला भोक नाही म्हणून बाई सही खोटी समजतात. दुसऱ्या दिवशी जावई आमदारांच्या जागेवर बिनतिकिटी बसल्यासारखा चोरटा बसतो. सुटा वाचला तर विनोद, सलग वाचला तर गोष्ट. मला आजही वाटतं, की वर्तमानपत्रातल्या पट्टीला साजणारा प्रकार हाच. निव्वळ सुटे विनोद लोक वाचून विसरतात आणि निव्वळ मालिका मधेच सोडून देतात.

नेमकी ऐन भरात दसऱ्याची सुट्टी आली, दुसऱ्या दिवशी अंक नाही. गावोगावचे लोक बातमीदारांना विचारायला लागले, "पंच घावला का?" एका बातमीदाराला नगरपालिकेच्या सभेत खुद्द नगरसेवकाने विचारलं. एका निवृत्त कंडक्टरने कार्यालयात निरोप ठेवला, की माझ्याकडे एक पंच पडून आहे, अण्णांना हवा असेल तर माणूस पाठवा. संपादकांनी मला बोलावलं आणि पहिल्यांदाच चहाबरोबर भजी मागवली.

पंच सापडला तो भाजीवालीकडे. तिने तो बाकीच्या ४८० रुपयांपोटी गहाण ठेवून घेतला होता. पैसे तिनेच द्यायचे होते, गहाणही तिनेच ठेवून घेतलं, आणि अण्णांना हे गणित शेवटपर्यंत सुटलं नाही. यानंतर ती बाई काही पट्टीतून जायला तयार होईना. 'थिंबल थिएटर' नावाची पट्टी नऊ वर्षं चालल्यावर १९२९ मध्ये त्यात एका जहाजाच्या कामापुरता एक खलाशी आला, पॉपाय, आणि थोड्याच दिवसांत पट्टी त्याचीच झाली. आमच्याकडे तेवढं झालं नाही, पण शेवंताबाईला नाव द्यावं लागलं, गाडा द्यावा लागला, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी द्यावेच लागले. तिचं माझ्या लेखी मोठेपण असं, की अण्णांना सवयी आहेत पण तिला हिशेब आहे. सवय आणि हिशेब समोरासमोर उभे केले की मला काही सुचावं लागत नसे, ते दोघं बोलायचे आणि मी लिहून घ्यायचे.

एक प्रश्न मात्र मी टाळत राहिले. नातू चौथीतच. दर मे महिन्यात मी त्याच्या निकालाची पट्टी काढायचे आणि जूनमध्ये तो पुन्हा चौथीत. एका आजींनी पत्र लिहून कळवलं, की पोराला शिकवणी लावा, दुसऱ्यांदा बसलाय. फ्रँक किंगच्या 'गॅसोलीन अ‍ॅली'त १४ फेब्रुवारी १९२१ ला दारात सापडलेलं तान्हं बाळ वाचकांबरोबर मोठं झालं, सैन्यात गेलं, लग्न केलं, म्हातारं झालं. ते करायचं तर पात्रं मरतातही. सत्तरीच्या अण्णांना मी वयात घालणार नव्हते. पुढच्या मे महिन्यात माई नातवाला म्हणते, "अरे, या वर्षी तरी पाचवीत जा." अण्णा म्हणतात, "गाडी फुल्ल आहे. पुढच्या गाडीने येईल." आजींनी उत्तर पाठवलं नाही, पण शिकवणीचा विषय थांबला.

एक जूनला एस. टी.चा वाढदिवस असतो, १९४८ मध्ये याच दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. त्या दिवशी मी दरवर्षी शब्दांवाचूनची पट्टी द्यायचे आणि पान लावणाऱ्या मुलाला आदल्या रात्री फोन करून बजावायचे. तो हसून म्हणायचा, "ताई, आज तिन्ही रिकाम्या आहेत का?"

पुढे कागद महागला, पानं घटली. आधी शब्दकोडं गेलं, मग आम्ही. राशिभविष्य राहिलं. ते राहणारच.

सध्या एका साप्ताहिकासाठी शेवंताबाईची पट्टी करते आहे. ते ती छापतातही आणि मोबाईलवरही टाकतात, म्हणून चौकटी एकाखाली एक, उभ्या. डावी-उजवीकडची माझी सगळी व्यवस्था बिघडली आहे, पण एक फायदा झाला. वाचक अंगठ्याने सरकवतो, आणि खालची चौकट वर येईपर्यंत त्याला ती दिसतच नाही. कागदावर तिसरी चौकट डोळ्याच्या कोपऱ्यात आधीच दिसायची, कोबीचं पान लपवायला मी किती धडपड केली होती. इथे ते लपवावं लागत नाही. उलट मधली, न बोलणारी चौकट किती उंच ठेवायची हाच आता वाद आहे. संपादिका म्हणतात लोक कंटाळून पुढे जातील, मी म्हणते आणखी दोन सेंटीमीटर वाढवा. पुढच्या अंकात एक पट्टी माझ्या मापाने जाणार आहे आणि एक त्यांच्या.